बोर्डावरचे दोन हिरे

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर आणि तिच्या तान्ह्या मुलीवर. उत्तरायणची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी संपून ऑफिसं उघडली त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, सुरतेतल्या एका सरकारी कचेरीच्या तळमजल्यावर. ज्या खोलीच्या दाराशी त्या दोघींना अडवलं, ती खोली भांडून घेतली होती ती त्यांच्यासाठीच.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनी. पर्वत पाटियाजवळ साड्यांना खडे चिकटवणाऱ्या बायकांची एक संघटना आहे, तिथे मी कॉलेजात असल्यापासून जाते. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वर लिही कुणाचं काय गेलं, खाली लिही काय पाहिजे, मधलं लोक रिक्षात बसल्यावर वाचतात. आता मधलंच लिहायला बसले आहे आणि हात चालत नाही. पत्रकात हळहळ चालत नाही. इथे मात्र तीच पुन्हापुन्हा येणार, त्याला माझा इलाज नाही.

वहिनी त्या कचेरीत खिडकीवर बसते. दाखले काढून द्यायचं काम. कायमची नोकरी नाही, एजन्सीमार्फत आहे, म्हणून बाळंतपणाची रजा एजन्सीच्या मर्जीची. मुलगी मान धरायला लागली न लागली तोच फोन आला, येताय की दुसरी बाई ठेवू? दादा पलसाण्याला एका डाइंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याचा दिवस तिकडेच जातो. तेव्हा ठरलं असं, की रोज दुपारी आईने मुलीला घेऊन भेस्तानहून रिक्षाने कचेरीत जायचं, वहिनीने सुट्टीत तिला अंगावर पाजायचं, आणि आईने परत यायचं.

ठरलं खरं. पण पाजायचं कुठे?

त्या इमारतीत झेरॉक्सवाल्याला खोली होती. जप्त केलेल्या हातगाड्यांना पत्र्याची शेड होती. साहेबांच्या गाडीवर ऊन येऊ नये म्हणून वेगळं छप्पर होतं. आईला मात्र जागा सापडली ती जिन्याखाली. तिथे मोडक्या खुर्च्या आणि पाण्याची मोटर. वहिनी भिंतीकडे तोंड करून एका लंगड्या खुर्चीवर बसायची आणि आई दोन्ही हातांनी पदर पसरून तिच्यापुढे पडद्यासारखी उभी राहायची. जिन्यावरून माणसं उतरताना मुद्दाम खोकायची, म्हणजे आम्ही येतोय बरं का. सभ्य माणसं! तुमच्या खोकण्याने बाळ दचकतं आणि पिणं सोडतं, हे त्यांना कोण सांगणार?

शेजारच्या खिडकीवर एक विनोदी गृहस्थ होते. वहिनी उठली की म्हणायचे, "शुं बेन, डेरी खुली गई?"

हे वहिनीने घरी हसत हसत सांगितलं. मी उसळले. म्हटलं, "नाव सांग त्याचं. उद्या सकाळी त्याच्या टेबलावर पत्रक पडेल."

"पत्रक पडेल, आणि परवा मी त्याच्याच शेजारी बसेन," ती भाकरी थापत म्हणाली. "ताई, मला पत्रक नको. मला दार हवंय. आतून कडी लागेल असं एक दार."

मग दारासाठीच पत्रक काढलं. गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत. ते वाटलं कचेरीच्या फाटकात, भाजीबाजारात, देवळाबाहेर. बायका घ्यायच्या, वाचायच्या आणि घडी घालून पिशवीत ठेवायच्या. त्यांच्या डोळ्यांत मला दिसायचं की ह्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या जिन्याखाली बसून आल्या आहेत. एक आजी म्हणाल्या, "माझी तर चारही पोरं बसस्टँडवरच पिऊन मोठी झाली गं," आणि निघून गेल्या. पुरुष पहिली ओळ वाचून कागद असा परत द्यायचे, जणू चुकीच्या पत्त्यावर आलाय.

आमच्या भागातलं मराठी मंडळ ह्यात नंतर आलं. मंडळात बँकेतले, शाळेतले, सरकारी नोकरीतले लोक; गणपती, हळदीकुंकू, दिवाळीला फराळाची स्पर्धा. आमच्यासारखी यंत्रमागावर, कारखान्यात खपणारी खानदेशी घरं तिथे खुर्च्या मांडायला असतात. पण मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांनी पत्रक वाचलं आणि स्वतः फोन केला. "अगं पोरी, हे तर आपल्याकडे प्रत्येक एसटी स्टँडवर आहे! हिरकणी कक्ष म्हणतात त्याला."

हिरकणी म्हटल्यावर मंडळ पेटलं. खरंच पेटलं, त्यात खोट नव्हती. तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेली ती गवळण, तिचं नाव सुरतेत लागणार म्हणून बँकेतले लोक रजा टाकून शिष्टमंडळात आले. माझ्या पत्रकांनी जे महिने घालवून होत नव्हतं, ते त्यांच्या इस्त्रीच्या शर्टांनी दोन भेटींत झालं. याचा राग येतो, पण ते खरं आहे.

साहेब माणूस बरा होता. तळमजल्यावर कोपऱ्यात एक खोली रिकामी होती, ती द्यायला तो तयार झाला. मी खोली पाहून आले आणि एकेका गोष्टीवर अडून बसले. पंखा. हात धुवायला नळ. पाठ टेकता येईल अशी खुर्ची. खिडकीला जाळी आणि जाड पडदा. आणि कडी, आतून, वहिनीच्या हाताला सहज पोचेल अशा उंचीवर. साहेब हसून म्हणाले, "बेन, कडीनी ऊंचाई पण तमे कहेशो?" मी म्हटलं, हो, सांगणार. आणि सांगितली.

मग त्यांनी विचारलं, बोर्डावर काय लिहायचं?

तिथे बसलेला हेडक्लार्क म्हणाला, "एमां शुं, धावण रूम लखी दो."

आमचं आख्खं शिष्टमंडळ हसलं. गुजरातीत धावण म्हणजे आईचं दूध, हे सुरतेत राहून आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण मराठी कानाला ते धावणंच. बँकेतले एक जण म्हणाले, "धावण रूम! म्हणजे आत शर्यत लागते की काय?" पुन्हा हशा.

वहिनी दाराशी उभी होती, सुट्टी संपत आली होती म्हणून घाईत. ती म्हणाली, "काका, पण तो शब्द सरळ आहे. खिडकीवर येणाऱ्या बायकांना कळेल. किंवा बाळाला दूध पाजायची खोली, असं लिहा."

"अगं, कळेल गं," काका म्हणाले, "पण चारचौघांत बोर्डावर बरं दिसतं का ते? हिरकणी कसं शोभतं. सगळं आलं त्यात, आणि काहीच बोलावं लागत नाही."

काहीच बोलावं लागत नाही. हे वाक्य त्या दिवशी कुणालाच खटकलं नाही. साहेबांचा चेहरासुद्धा मोकळा झाला, कारण धावण हा शब्द त्यांच्या ऑफिसाच्या भिंतीवर यावा असं त्यांनाही वाटत नव्हतं. मी तेव्हा खुर्चीच्या मापावर बोलत होते. वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खिडकीवर गेली.

बोर्ड रंगवणारा पेंटर सुरतेचा. त्याचा हात बसलेला वराछा बाजूच्या हिऱ्यांच्या दुकानांवर. त्याला कागदावर गुजरातीत लिहून दिलं, हीरकणी कक्ष. त्याने आपल्या समजुतीने काम चोख केलं. सोनेरी अक्षरं, निळी जमीन, आणि दोन्ही बाजूंना एकेक पैलूदार हिरा, किरणं फाकलेली. आता यात त्याला कोण काय बोलणार? हिरकणी म्हणजे हिऱ्याची कणी, हे मराठीतसुद्धा खरंच आहे. आपल्याला आई ऐकू येते, त्याला हिरा ऐकू आला. हिऱ्यावर जगणाऱ्या गावात दुसरं काय ऐकू येणार?

उद्घाटनाला नारळ, फीत, पेढे. कुणीतरी वहिनीला म्हणालं, बाळाला घेऊन आत खुर्चीवर बसा ना, एक फोटो. वहिनी म्हणाली, "फोटोत पाजू का आता?" आणि पेढा न घेताच निघाली. मंडळाच्या बायका बोर्डाखाली उभ्या राहिल्या. माझी आई मुलीला कडेवर घेऊन मान वर करून बघत होती. तिला गुजराती वाचता येत नाही, चित्र तेवढं दिसतं.

"हाई काय शे?" तिने मला विचारलं. "सोनारनं दुकान शे का?"

आम्ही सगळे किती हसलो. काका तर डोळे पुसत होते. आईसुद्धा हसली, आपण काहीतरी गमतीचं बोललो म्हणून.

पुढचे थोडे दिवस चांगले होते, ते मला नाकारायचे नाहीत. वहिनी घरी यायची ती निवांत. सांगायची, पंख्याचा आवाज येतो आणि बाकी काही नाही. सांगायची, पोरगी एकदा पिता पिता झोपली आणि मीही डोळे मिटले. तिच्या तोंडून कचेरीचं नाव घेताना एवढं सुख मी कधी ऐकलं नव्हतं.

पण तिच्याशिवाय कुणी जात नव्हतं. खिडकीसमोर रांगेत बायका असायच्या, कडेवर पोरं रडत असायची, त्या तशाच जिन्याखाली जायच्या. वहिनी खिडकीतून हात करून सांगायची, ती खोली आहे तुमच्यासाठी, जा. त्या बोर्डाकडे बघायच्या. दोन झगझगीत हिरे. एकीने स्पष्ट विचारलं, "एमां तो शेठलोको बेसता हशे ने?" शेठ लोक बसत असतील तिथे आपण लेकरू पाजायला कसं शिरायचं?

आणि मग दुसरेच लोक येऊ लागले. हिऱ्यात मंदी आहे हे सुरतेत कुणाला सांगायला नको. घरी बसवलेले हिरे घासणारे कारागीर कुठे काही मदत मिळते का म्हणून कचेऱ्या पालथ्या घालत होते. त्यांना हा बोर्ड दिसला. हातात पिशव्या घेऊन ते त्या दाराबाहेर उभे राहायचे. आपापसांत विचारायचे, साहेब कधी येतात? त्यांचाही दोष नाही. पोटासाठी उभा असलेला माणूस बोर्ड वाचतो आणि विश्वास ठेवतो.

त्यातल्या एकाने दार ढकललं. वहिनीने त्या दिवशी कडी लावली नव्हती, कारण आई बाहेर पाणी भरायला गेली होती आणि लगेच परत येणार होती. तो माणूस दाराबाहेर असा मागे सरला, की मागचा पडता पडता वाचला. "माफ करजो बेन, माफ करजो," म्हणत हात जोडून उभा राहिला. वहिनी सांगत होती, तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता गं, आणि रडकुंडीला आला होता, मलाच वाईट वाटलं.

झालं. तक्रार कुणी केली नाही तरी बोभाटा झाला. कचेरीने उपाय काढला. बोर्ड बदलायचा? छे, केवढा सुंदर बोर्ड. दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली वॉचमनकडे, वहिनी आली की त्याने उघडायचं. म्हातारा वॉचमन ओळखीचा होता, आईला लांबून बघितलं की आधीच उठायचा. चाललं. मग रिकाम्या खोलीत कुणीतरी नव्या कॉम्प्युटरची खोकी आणून ठेवली, सुरक्षित जागा म्हणून. हिऱ्याची खोली, कुलूप आहेच. तेव्हा किल्ली वॉचमनकडून वर गेली, साहेबांच्या टेबलाच्या खणात. वहिनीने रोज वर जाऊन मागायची आणि रोज वर नेऊन द्यायची. तिने तेही केलं. मला सांगितलंसुद्धा नाही. आईकडून कळलं, फार उशिरा.

उत्तरायण आली. गच्चीवर उंधियू झाला, पतंग झाले, वहिनीने मुलीला पहिला पतंग दाखवला. सुट्टी संपून ऑफिसं उघडली तेव्हा तारांवर अजून दोरे लोंबत होते. आई नेहमीसारखी दुपारी पोचली. म्हातारा वॉचमन गावी गेला होता, एजन्सीने नवा पाठवला होता. साहेब रजेवर, खणाची किल्ली त्यांच्याबरोबर.

त्या दिवसाचं मी आईकडून आणि वहिनीकडून वेगवेगळं ऐकलं आहे. दोघींच्या सांगण्यात एक वाक्य सारखं आहे, नव्या वॉचमनचं. तो उद्धट नव्हता. खुर्चीवरून उठून, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला:

"बेन, आ रूम हीरावाळानो छे. लेडीज माटे नथी." खोली हिरेवाल्यांची, बायकांसाठी नाही.

वहिनी म्हणाली, मी इथेच काम करते, ही खोली माझ्यासाठी आहे. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वर बोर्डाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. साधा ड्रेस, ओढणी, गळ्यात काळी पोत. त्याला हसू आलं. वाईट नव्हे, आपलं सहज.

मुलगी रडत होती. जिन्याखाली त्या दिवशी रंगाचे डबे आणि शिडी टाकलेली होती, बसायला जागा नव्हती. आईने पदर पसरला, पण पसरून उभं कुठे राहायचं? वहिनीचं दूध भरून आलं होतं. रडणं ऐकून पान्हा फुटला आणि ड्रेस पुढून भिजला. सुट्टी संपली. आई म्हणाली, "चाल मनी माय, घर जाऊत," आणि भुकेल्या पोरीला घेऊन रिक्षात बसली. वहिनी ओढणी पुढे ओढून खिडकीवर गेली. समोर रांग होती. शेजारचे विनोदी गृहस्थ त्या दिवशी काही बोलले नाहीत. वहिनी म्हणते, त्यांचं न बोलणंच तिला लागलं.

संध्याकाळी दादा पावडरचा डबा घेऊन आला. त्याला वाटलं तो मदत करतोय, आणि करतच होता. दुसऱ्या दिवसापासून आईची दुपारची रिक्षा बंद झाली. छाती दाटून यायची, वहिनी बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायची. मग दाटून यायचीही थांबली. दूध आटलं. मुलगी घरी आल्यावर तिच्या अंगाशी तोंड घासायची आणि चिडून वळवायची. एका रात्री वहिनी माझ्या शेजारी बसून म्हणाली, "ताई, हिने मला सोडलं." मी उठून पावडरचं दूध कालवायला गेले. मी, जी साहेबांना कडीची उंची सांगून आले होते.

मी गेले कचेरीत. आरडाओरडा केला. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. खोकी हलवली, कुलूप काढलं. काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "नाव तर चांगलं होतं गं." चांगलंच होतं. पण त्या गवळणीच्या गोष्टीतही गडाचा दरवाजा बंदच झालेला असतो, काका. आपण नाव आणलं, त्याच्यासोबत दरवाजाही आणला. हे मी त्यांना बोलले नाही. म्हातारा माणूस, लोकांना रजा टाकायला लावून गोळा करून आणणारा. शिवाय त्यांना तरी एकट्याला काय बोलायचं, दूध हा शब्द भिंतीवर नको होता तो आम्हा सगळ्यांनाच.

बोर्ड अजून तिथेच आहे. मी खाली साधा कागद चिकटवून आले, गुजरातीत, "बाळकने धवडाववानी जग्या", बाळाला पाजायची जागा. तो कुणीतरी फाडला. पुन्हा चिकटवला. पुन्हा फाडला. आता मी कागदांचा गठ्ठाच पर्समध्ये ठेवते.

मुलगी आता धावते, घरभर. गुटगुटीत आहे. म्हणून लोक विचारतात, बिघडलं काय मग? पावडरवर काय मुलं वाढत नाहीत? वाढतात. माझी तक्रार पावडरीबद्दल नाहीच. तिला पाजायचं होतं. तिला दूध होतं, लेकरू होतं, खोली होती, आणि तिला पाजायचं होतं. ती आता डबा टेबलावरच खाते. त्या कोपऱ्याकडून जाताना मान वर करत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, हे वाचणाऱ्याला, पुरुष असाल तर आधी तुम्हाला. उद्या ज्या कुठल्या कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, स्टँडवर जाल तिथे चौकशीच्या खिडकीशी उभे राहा आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारा: बाळाला दूध पाजायची खोली कुठे आहे? कक्ष म्हणू नका, कुठलं शोभिवंत नाव घेऊ नका. दूध म्हणा, पाजायची म्हणा. खोली दाखवली तर दार ढकलू नका, आधी ठोका. आत कुणी नसेल तर कुलूप बघा, आणि असेल तर ते काढेपर्यंत तिथून हलू नका.